पातळ लाकडी पट्ट्या रंधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी महिन्यावर आली की मला येणारे निरोप बदलतात. एरवी दार फुगलं, खिडकी घासते असं विचारणारी माणसं एकदम आकाशकंदिलाच्या चौकटीवर येतात. कुणाला पोरांच्या मातीच्या किल्ल्यासाठी लाकडी दरवाजा करायचा असतो, कुणाला देव्हाऱ्याची जाळी. गणपतीच्या मखरवाल्यांचे प्रश्न तर आषाढापासूनच सुरू होतात. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीहून, राज्याच्या सीमेपलीकडच्या चंदगडाहूनसुद्धा विचारणा येते आणि नव्वद टक्के लोकांचं दुखणं एकच: पट्टी पातळ झाली की रंध्याखाली, म्हणजे लाकूड तासून सपाट करायच्या हत्याराखाली, राहतच नाही. तेच ते प्रश्न एकत्र करून इथे लिहिलेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिलाय.

१. पातळ पट्टी म्हणजे किती पातळ? मिस्त्री सुतात बोलतात, मी मिलीमीटरमध्ये मोजतो.

आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिमी आणि दोन सूत ६.३५ मिमी. या पानावर पातळ म्हणजे दोन सुताच्या आतली पट्टी. त्याहून जाड लाकूड नेहमीसारखं बाकावर ठेवून रंधता येतं, त्याला वेगळी युक्ती लागत नाही. गोंधळ होतो तो दोन मापं मिसळल्यावर. जाळीच्या खाचा ६ मिमीच्या पाडल्या आणि लाकडाच्या मिलमधून 'दोन सुती' पट्ट्या आणल्या तर एकही आत जाणार नाही. ०.३५ मिलीमीटरचा फरक दारात खपतो, जाळीत खपत नाही. एक माप ठरवा आणि मिस्त्रींनाही तेच सांगा.

२. रंधायलाच कशाला हवं? पॉलिश पेपरनं घासलं तर चालत नाही का?

कागद लावून झाकली जाणारी कंदिलाची चौकट असेल तर रंधूही नका आणि घासूही नका. करवतीच्या खुणा राहिल्या तरी चालतं. पण पट्टी दिसणार असेल किंवा खाचेत बसणार असेल तर पॉलिश पेपर दगा देतो. हाताखालच्या पेपरनं कडा गोल होतात, टोकं जास्त झिजतात आणि मधे पोट राहतं. वर करवतीच्या खोल खुणा जायला अर्धा दिवस जातो. रंध्याचे चार हात मारले की तेच काम दोन मिनिटांत होतं. १ मिमीच्या आसपासचं काम मात्र वेगळं, त्यासाठी प्रश्न १२.

३. आपल्याकडे मिळणाऱ्या लाकडांपैकी कुठलं घेऊ?

पहिल्यांदाच करणार असाल तर शिवण. रंगानं पिवळसर-पांढरं, हलकं, रंध्याखाली लोण्यासारखं, आणि वाळल्यावर फारसं वाकडंतिकडं होत नाही. आपल्या जिल्ह्यातली गोकाकची खेळणीसुद्धा हलक्या लाकडाचीच असतात, ते काही उगीच नाही. हलकं लाकूड पातळ कापलं तरी हत्याराला झगडत नाही.

सागवान सगळ्यांना हवं असतं. रेषा (लाकडाच्या तंतूंच्या) बहुतेक सरळ, पट्टी छान निघते, पावसाळ्यात त्यातल्या त्यात शहाण्यासारखं वागतं. पण सागात वाळूचा अंश असतो, म्हणजे सिलिका. तो पात्याची धार खातो. दहाबारा पट्ट्या झाल्या की पातं पुन्हा दगडावर घ्यायची तयारी ठेवा. सागाच्या बारीक धुळीनं काहींना खाज आणि शिंका येतात. रंध्यानं छिलके निघतात म्हणून त्रास कमी, घासताना मात्र नाकाला फडकं बांधा. शिसवाच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्या.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या कारखान्यांकडून भंगारात येणाऱ्या पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या स्वस्त मिळतात. सरावाला उत्तम. त्यावरचा शिक्का बघून घ्या: 'एचटी' म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायू मारलेलं. एमबीची फळी घरच्या कामाला घेऊ नका. आणि लोहचुंबक फिरवून खिळे शोधल्याशिवाय पाइनवर रंधा ठेवू नका. जुन्या वाड्याच्या दारा-चौकटीलाही हाच नियम.

आंबा चालतो, पण त्यात रेषा मधेच फिरते. ऐन पातळ पट्टीसाठी टाळा. त्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं उचकटलेलं असं होतं.

४. मिलमध्ये कन्नडमधून काय सांगू? आणि लाकूड सीमेपलीकडे न्यायचं असेल तर?

'पट्टी' हा शब्द दोन्हीकडे चालतो. पातळ म्हणजे 'तेळ्ळगे', जाडीला 'दप्प'. रंध्याला कन्नडमध्ये कीसुळी म्हणतात. आपल्या 'किसणे'च्या इतका जवळचा शब्द की एकदा ऐकला की विसरत नाही. खानापूरच्या बाजूला मिलवाले बहुधा तुमच्याशी मराठीतच बोलतील, तरी दोन शब्द आले की तुमच्या पट्टीकडे जरा नीट बघितलं जातं.

साग आणि शिसव घेताना पावती घ्याच. ओंडका किंवा मोठ्या फळ्या सीमेवरच्या शिनोळी किंवा कोगनोळीच्या बाजूनं राज्याबाहेर न्यायच्या असतील तर वनखात्याच्या वाहतूक परवान्याची चौकशी आधी करा. पिशवीभर कातरकाम असेल तरी पावती खिशात असलेली बरी.

५. कुठला रंधा घेऊ? लाकडी चालेल का?

चालतो. आजोबांचा लाकडी रंधा माळ्यावर असेल तर तोच काढा. फक्त तळ सपाट आहे का ते पोलादी पट्टी लावून उजेडासमोर बघा. नवा घ्यायचा तर लोखंडी ४ किंवा ५ नंबरचा. ५ नंबर १४ इंच लांब असतो, लांब पट्टीवर तो मधले चढउतार भरून काढतो. एका हातात मावणारा छोटा रंधा कडा मारायला सोयीचा, पण त्यावर सगळं काम भागवू नका.

रंध्यापेक्षा पात्याची धार महत्त्वाची. पात्याला २५ अंशांचा उतार द्या आणि टोकाशी ३० अंशांची बारीक धार. पातं उलटं करून त्याची पाठ दगडावर सपाट घासल्याशिवाय धार पुरी होत नाही, आणि नेमकं हेच लोक विसरतात. धार बघायची तर मऊ लाकडाचं टोक आडवं कापून बघा. भुगा झाला तर धार नाही, चकचकीत काप पडला तर आहे. नखावर किंवा हाताच्या केसांवर बघायची सवय सोडा. केस कापणारं पातं पाइनच्या टोकावर नापास झालेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

६. रंधा मारला की पट्टी मधेच कमानीसारखी उचलते आणि मोडते. काय चुकतंय?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न. चूक तुमच्या हाताची नसते, पट्टी धरण्याची असते.

आपण नेहमी काय करतो? लाकडाच्या पुढच्या टोकाला अडसर लावतो आणि रंधा त्याच्याकडे ढकलतो. जाड लाकडाला हे ठीक. पातळ पट्टी मात्र रंधा आणि अडसर यांच्यामध्ये दाबली जाते. प्लास्टिकची फूटपट्टी दोन्ही टोकांनी दाबून बघा, ती लगेच वर फुगते. पट्टीचं तेच होतं. फुगलेला भाग पात्यात घुसतो, पातं खोल लागतं आणि पट्टी कडकन जाते.

उपाय उलटा आहे. अडसर पुढे नको, पट्टी मागच्या टोकाला धरा, म्हणजे तुमच्याकडच्या. त्या टोकावर एक लाकडी ठोकळा ठेवून सी-क्लॅम्पनं सपाट फळीवर दाबा आणि रंधा ठोकळ्यापासून पुढे न्या. आता पट्टी दाबली जात नाही, ताणली जाते, आणि ताणलेली पट्टी फुगूच शकत नाही. ठोकळ्याखालचा इंच-दीड इंच भाग रंधला जाणार नाही, म्हणून पट्टी तेवढी लांब ठेवा आणि शेवटी कापून टाका.

खालची फळी सपाट हवी. १८ मिमीचा प्लायवूड किंवा एमडीएफ चांगला. फळीतला खड्डा पट्टीखाली पोकळी करतो आणि तिथेच पट्टी दबून पातळ होते.

क्लॅम्प नसेल तर पट्टी फळीवर दुतर्फी टेपनं चिकटवा, पण सगळ्या लांबीवर नको. दर वितीवर नखाएवढा तुकडा पुरतो. जास्त लावला तर काय होतं ते प्रश्न १७ मध्ये.

७. सगळ्या पट्ट्या एकाच जाडीच्या कशा करू?

दोन रुळांच्या मधे ठेवून. हवी तेवढ्या जाडीच्या दोन पट्ट्या फळीवर समांतर बसवा. हार्डवेअरच्या दुकानात ३ मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी मिळते, तीच सगळ्यांत सोपी. लाकडाची पट्टी मधे ठेवा आणि रंधा रुळांवरून चालवा. जाड लाकूड कापलं जातं, रुळांच्या उंचीला आलं की पातं आपोआप रिकामं फिरतं. कान द्या, आवाज बदलतो.

गोम अशी: रूळ पात्याच्या वाटेत आले तर पातं रूळच कापेल. ४ आणि ५ नंबरच्या रंध्याचा तळ साधारण ६० मिमीच्या पुढे रुंद आणि पातं ५० मिमीचं असतं, म्हणजे दोन्हीकडे पाच-सहा मिमी तळ मोकळा. रुळांमधलं अंतर ५२ मिमी ठेवलं की तळाच्या कडा रुळांवर बसतात आणि पातं मधल्या जागेत काम करतं. १० मिमी रुंद पाच पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून एकदमच रंधता येतात. मात्र रंधा डावी-उजवीकडे सरकू देऊ नका, ॲल्युमिनियमवर धार गेली की सगळी गंमत जाते. पट्टी मागूनच धरायची, प्रश्न ६ प्रमाणे.

८. एका बाजूनं गुळगुळीत येतं, दुसऱ्या बाजूनं उचकटतं.

तुम्ही उलट्या रेषेत जाताय. पट्टीच्या कडेकडे बघा. रेषा ज्या दिशेनं वर चढत जातात त्या दिशेनं रंधा न्यायचा. मांजराच्या पाठीवर हात फिरवण्यासारखं आहे ते. फळी चिरण्याआधीच तिच्यावर पेन्सिलनं बाण काढून ठेवा. चिरल्यावर दहा पट्ट्या हातात येतात आणि कुठली कुठल्या दिशेची ते कळेनासं होतं.

रेषा मधेच फिरली असेल तर चार गोष्टी करा. पात्यावरची टोपी, म्हणजे त्यावर बसवलेली छिलका मोडणारी लोखंडी पट्टी, धारेच्या अगदी जवळ आणा, केसभर अंतरावर. छिलका इतका पातळ काढा की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. रंधा जरा तिरका धरून पुढे न्या. आणि तरीही उचकटलं तर रंधा ठेवून द्या व खरवडा. स्क्रेपर, म्हणजे खरवडायची पोलादी पट्टी, नसेल तर जुने मिस्त्री काचेचा ताजा फोडलेला तुकडा वापरतात, हातमोजा घालून तुम्हीही वापरा. पट्टी फुकट घालवण्यापेक्षा ते बरं.

९. आधी चिरू की आधी रंधू?

आधी रंधा. फळीची कड रंधून घ्या, मग त्या कडेनं पट्टी चिरा. फळीची कड पुन्हा रंधा, पुन्हा चिरा. असं केलं की प्रत्येक पट्टीची एक बाजू आधीच तयार असते आणि फक्त दुसरी राहते. अर्धं काम जाड फळीवर होतं, तिथे काही उचलत नाही की मोडत नाही.

गोल करवतीच्या टेबलावर चिरत असाल तर बारीक पट्टी पात्याच्या बाहेरच्या बाजूला पडू द्या. पातं आणि आडपट्टी (पात्याला समांतर बसवलेली, फळी टेकवायची पट्टी) यांच्यामध्ये अडकलेली बारीक पट्टी भाल्यासारखी मागे उडते, आणि मागे तुम्ही उभे असता.

१०. मिलच्या थिकनेसरमध्ये (लाकूड एकसारख्या जाडीचं करणाऱ्या मशिनमध्ये) २ मिमीची पट्टी घातली तर चालतंय का?

नुसती घातली तर नाही. छोट्या मशिनच्या पुस्तिकेत किमान जाडी लिहिलेली असते, बहुधा ३ ते ६ मिमीच्या दरम्यान. त्याहून पातळ पट्टी मशिनचे फिरते रूळ आणि पात्यांच्या मधे उचलली जाते आणि आतच तिचा चुरा होतो. मी एकदा शिवणीच्या बारा पट्ट्या एका मिलमध्ये दिल्या होत्या. मशिनवरचा पोरगा 'होतंय की' म्हणाला. परत मिळाल्या त्या सात, आणि उरलेल्या पाच भुश्याच्या पोत्यात.

चालवायचंच तर १८ मिमी प्लायवूडची लांब फळी घ्या, पट्ट्या तिच्यावर टेपनं चिकटवा आणि फळीसकट आत सोडा. पट्टीच्या पुढे-मागे त्याच जाडीचे फालतू तुकडेही चिकटवा, म्हणजे टोकाला पडणारा खड्डा त्यांच्यावर पडेल. एका वेळी अर्धा मिमीहून कमी काढायला सांगा. फूटभराहून आखूड काही घालू नका, रुळांची पकड सुटली की तुकडा आतच फिरतो.

११. माझ्याकडे हातातला विजेचा रंधा आहे. त्यानं होईल का?

पातळ पट्टीवर नको. त्याचा गोल कापणारा भाग मिनिटाला १५-१६ हजार फेरे घेतो, पट्टी लागताच फेकतो किंवा फाडतो. उलटा करून टेबलात बसवायचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात. जाड ठोकळ्यासाठी ते ठीक असेल. दोन सुताच्या पट्टीसाठी तुमची बोटं आणि ते पातं यांच्यात जागाच उरत नाही. मूळ फळीची कड सपाट करायला मात्र तो खुशाल वापरा (प्रश्न ९).

साधा लोखंडी रंधा उलटा करून वाइसमध्ये, म्हणजे बाकाच्या शिकंज्यात, धरणं वेगळं. त्याचं पुढचं टोक तुमच्यापासून दूर ठेवा आणि पट्टी स्वतःकडे ओढा. पट्टी बोटांनी दाबू नका. तळाला पॉलिश पेपर चिकटवलेला लाकडी ठोकळा करा आणि त्यानं दाबा. आखूड तुकड्यांना हीच रीत चांगली.

१२. १ मिमी किंवा त्याहून पातळ पट्टी हवी आहे, वाद्याच्या कडेला लावायला.

इथे रंधा थांबतो आणि खरवडणं सुरू होतं. एका कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर रुंद पटाशी उभी, जराशी तिरकी धरून क्लॅम्प करा. धार आणि ठोकळा यांच्यात हव्या त्या जाडीची फट ठेवा. पट्टी त्या फटीतून ओढा, दर वेळी फट केसभर कमी करत. ढकलू नका, ओढाच. कारण प्रश्न ६ मधलंच. धूळ निघते, वेळ लागतो, पण जाडी इकडून तिकडे सारखी येते.

अर्ध्या मिमीच्या खाली जायचं असेल तर व्हिनियर, म्हणजे लाकडाचे तयार पातळ पापुद्रे, विकत घ्या.

१३. रात्री सरळ ठेवलेली पट्टी सकाळी वाकडी झाली.

पावसाळ्यात विचारलेला प्रश्न असणार. जून ते सप्टेंबर आपल्या बेळगावची हवा ओलीच असते, खानापूर-कणकुंबीकडे तर विचारू नका. पातळ लाकूड हवेतला ओलावा पटकन घेतं आणि एकाच बाजूनं घेतलं की वाकतं. टेबलावर सपाट ठेवलेली पट्टी वरून ओली आणि खालून कोरडी राहते, म्हणून ती मधे वर फुगते.

रंधल्यावर पट्ट्या एकत्र करून दोन जाड, सरळ लाकडांमध्ये दोऱ्यानं बांधून ठेवा. पॉलिश मारायचं तर चारही बाजूंना मारा, दिसणाऱ्या एकाच बाजूला नाही. चपड्याचं पॉलिश असो की दुसरं कुठलं.

चिरताक्षणीच वाकली असेल तर ती हवा नाही, लाकडातला जुना ताण सुटलाय. अशी पट्टी दोन दिवस तशीच राहू द्या आणि मग रंधा. थोडी जास्त जाड चिरून ठेवलेली असेल तरच हे जमतं.

१४. मखराच्या कमानीसाठी पट्टी वाकवायची आहे. किती पातळ करू?

जाडी निम्मी केली की वाकवायला लागणारा जोर आठवा हिस्सा होतो. म्हणून एक ६ मिमीची पट्टी वाकवायला झगडण्यापेक्षा २ मिमीच्या तीन पट्ट्या साच्यावर एकावर एक फेविकॉलनं चिकटवा. वाळल्यावर कमान आकार धरून राहते. रेषा कडेला बाहेर पडत असतील तर पट्टी तिथेच फुटेल, म्हणून वाकवायच्या पट्ट्या सरळ रेषेच्याच निवडा. उकळत्या पाण्यात घालून वाकवायची असेल तर आधी रंधून घ्या. ओल्या लाकडावर रंधा ओढू नका.

१५. कंदिलाला बांबूच्या कामट्या वापरतो. त्यांना रंधा मारता येतो का?

नको. बांबू चिरायचा असतो, कापायचा नसतो. सुरी मधोमध घालून फोडत जा, कामटी आपल्या रेषेनं निघते. आतला मऊ भाग सुरीनं तासायचा. पेरावर रंधा हमखास अडकतो आणि बांबूची साल पात्याची धार सागापेक्षाही लवकर घालवते. हे काम बुरुडाच्या हाताकडे नुसतं बघत बसलं तरी शिकता येतं.

१६. व्हर्नियर (जाडी मोजायचं मापक) नाही. जाडी कशी मोजू?

दहा पट्ट्या एकावर एक घट्ट धरा, फूटपट्टीनं एकूण जाडी मोजा आणि दहानं भागा. ३१ मिमी आलं तर एक पट्टी ३.१ मिमी. एखादीच जाड आहे का ते या रीतीनं कळत नाही. त्यासाठी सगळ्या टेबलावर उभ्या ओळीत ठेवा आणि वरून बोट फिरवा, बोटाला लगेच कळतं.

१७. टेपवरून काढताना पट्टीच मोडली.

टेप जास्त लावला होता. पुढच्या वेळी कडेतून थिनरचे चार थेंब सोडा, पाच मिनिटं थांबा, मग पातळ सुरी सपाट घालून सरकवा. टोक उचलून ओढू नका. त्यापेक्षा बरी रीत म्हणजे फळीला आणि पट्टीला दोन्हीकडे कागदी मास्किंग टेप लावायचा आणि दोन टेपच्या मधे फेविक्विकचे थेंब. काम झालं की कागद सोलल्यासारखा निघतो.

१८. छिलक्यांचं काय करू? घरात ढीग झालाय.

सागाचे आणि शिसवाचे चुलीला द्या. शिवणीचे मात्र ठेवा. हिरव्या रंगाच्या पाण्यात बुडवून वाळवले की किल्ल्याच्या उतारावर गवत म्हणून चालतात. दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत पेरलेली मोहरी उगवली नाही की पोरं तोंड पाडून बसतात, तेव्हा हे कामाला येतं.